परसातल्या तवशाचे धोंडस

धोंडस म्हणजे पिकलेल्या काकडीचा, म्हणजे तवशाचा, किस गूळ आणि तांदळाच्या रव्याबरोबर शिजवून मग भाजलेला गोड पदार्थ. त्यात वरून पाण्याचा थेंबही घालायचा नसतो. तांदळाच्या रव्याला शिजण्यासाठी जेवढे पाणी लागते तेवढे सगळे तवशातूनच यावे लागते, आणि त्यामुळे मांडवावरचे तवसे आपण किती पिकू दिले यावरच पुढचे बरेचसे ठरून गेलेले असते. शहरात राहत असताना बाजारातल्या हिरव्या, कोवळ्या काकड्या किसून मी हा पदार्थ दोन-तीनदा केला आहे. तो वाईट लागत नाही, परंतु पिकलेल्या तवशाचा तो किंचित आंबूस आणि चिबुडाच्या जवळ जाणारा वास त्याला काही केल्या येत नाही. राजापूर-देवगडच्या बाजूला आम्ही ज्याला तवसे म्हणतो ते पावसाळी काकडीचे पूर्ण वाढलेले, दीड-दोन वितींचे, सालीवर पिवळट-तपकिरी रंग चढलेले फळ होय. दक्षिणेला मालवण आणि गोव्याकडे गेले की याच कुळातला पदार्थ तवसोळी या नावाने भेटतो आणि तेथे तो पुष्कळदा वाफवलाही जातो. मी येथे जी कृती देत आहे ती भाजण्याची आहे, कारण खालीवर निखारे ठेवून भाजलेल्या धोंडसाच्या कडेला जे काळपट-तांबूस, चिवट आणि खरपूस कवच धरते त्यासाठीच आमच्या घरी हा सगळा खटाटोप केला जातो.

वेल

तवशाच्या वेलाला जागा थोडी लागते, परंतु चढायला आधार मात्र लागतोच. गोठ्याच्या मागची मोकळी पट्टी, मांगराच्या छपराला टेकलेल्या काठ्या किंवा चार बांबू रोवून वर झावळ्यांचे देठ आणि सुंभ बांधून केलेला मांडव, यांपैकी काहीही चालते. मृगाचा पाऊस दोन-चार दिवस चांगला लागून जमीन थंड झाली, म्हणजे साधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, बी टोकावे. बी टोकण्याची जागा आळ्यासारखी खोलगट न करता उंचवट्यासारखी करावी. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. जांभ्याची माती पाणी लवकर सोडणारी असली तरी खोलगट आळ्यात ते एक-दोन दिवस जरी तुंबले तरी कोवळे कोंब बुडातून कुजतात. उंचवट्यात दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत आणि ओंजळभर चुलीतली राख मिसळून प्रत्येक उंचवट्यावर तीन-चार बिया बोटाच्या एका पेराएवढ्या खोल लावाव्यात, आणि रोपांना चार पाने फुटली की त्यांतली जोमदार दोनच ठेवून बाकीची उपटून टाकावीत. दोन उंचवट्यांमध्ये दीड मीटर अंतर सोडले तर पुढे वेलांची गुंतवळ होत नाही.

बी कोठून आणावे हा प्रश्न परसात तवसे पिकवणाऱ्यांना सहसा पडत नाही, कारण ते शेजाऱ्याकडून येते. दुकानातून बी घेणार असाल तर ते कोवळ्या काकडीसाठी निवडलेल्या वाणाचे नाही ना, एवढे विचारून घ्यावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला शीतल हा वाण भरपूर पावसाच्या प्रदेशासाठी चांगला आहे, पण त्याची फळे कोवळी असताना खायची असतात. धोंडसासाठी मोठे वाढणारे, जाड सालीचे गावठी बीच लागते.

वेल मांडवावर चढला की आधी काही दिवस नुसतीच नर फुले येतात आणि नवखा माणूस हवालदिल होतो. त्यात काळजीचे काही नाही. मागाहून येणाऱ्या मादी फुलांच्या देठाशी बोटाच्या पेराएवढी काटेरी, लवदार काकडी आधीपासूनच दिसते. खरी अडचण जुलैच्या झडीत येते. पाऊस सलग लागला की मधमाश्या बाहेर पडत नाहीत, परागीभवन होत नाही, आणि ही इवलीशी फळे पिवळी पडून गळून जातात. अशा वेळी सकाळी पावसाने जरा उघडीप दिली की एक ताजे नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या मागे मुडपून, मधला पिवळा भाग मादी फुलाच्या तोंडाशी हलकेच दोन-तीनदा फिरवावा. दोन मिनिटांचे हे काम सकाळी आठ-नऊच्या आत उरकावे, कारण दुपारनंतर फूल मिटते. फळ धरून अंगठ्याएवढे झाले की त्यावर जुन्या सुती कापडाची किंवा कागदाची सैल पिशवी चढवावी, म्हणजे फळमाशी त्यात अंडी घालू शकत नाही. माशीने डंख केलेले तवसे एका बाजूने वाकडे होते आणि आतून नासते. असे फळ वेलावर किंवा उकिरड्यावर न ठेवता खोल पुरावे, नाहीतर त्यातल्याच माश्या पुढच्या फळांवर येतात.

कोवळी काकडी पेरणीनंतर दीड-पावणेदोन महिन्यांत खाण्याजोगी होते, परंतु धोंडसाचे तवसे वेलावर आणखी महिनाभर राहू द्यावे लागते. येथे घरोघरी एक हिशेब चुकतो. गणेशचतुर्थी कधी ऑगस्टच्या उत्तरार्धात येते, तर कधी सप्टेंबरच्या मध्याला. ती लवकर आली तर गणपतीच्या नैवेद्याला मिळणारे तवसे पुरते पिकलेले नसते आणि त्याचे धोंडस फिकट होते. अशा वर्षी मी गणपतीत मोदक आणि पातोळ्यांवरच भागवते आणि धोंडस नवरात्रात किंवा दिवाळीच्या तोंडावर करते. पिकलेले तवसे तोडताना दोन बोटे देठ राखून तोडावे आणि सुंभाच्या फासात अडकवून माळ्याच्या वाशाला वाऱ्यावर टांगावे. साल कोठे सोललेली नसेल तर ते असे एक-दोन महिने सहज टिकते, आणि या दिवसांत त्याचा रंग गडद होऊन वासही वाढतो.

चव घेतल्याशिवाय किसू नये

एक मध्यम तवसे साधारण दीड ते पावणेदोन किलो भरते आणि साल, बिया काढून त्यातून किलोभर गर मिळतो. किसण्यापूर्वी त्याची दोन्ही टोके कापून, देठाकडची एक फोड, टोकाकडची एक फोड आणि मधली एक अशा तीन फोडी चाखून पाहाव्यात. काकडीवर्गातल्या फळांत कुकुर्बिटॅसिन नावाचे कडू द्रव्य असते आणि ते देठाकडे व सालीच्या लगेच खाली अधिक साठते. नुसते देठाकडे किंचित कडसर लागले तर तेथला चार बोटांचा भाग टाकून द्यावा आणि साल जरा जाड काढावी. मधली फोडही कडू लागली तर मात्र ते तवसे निमूटपणे टाकून द्यावे. हे कडू द्रव्य शिजवल्याने जात नाही, गुळाने झाकले जात नाही, आणि फार कडू फळ खाल्ल्यास उलट्या-जुलाबही होतात. त्याच्या बियाही पुढच्या वर्षासाठी ठेवू नयेत, कारण कडूपणा वाणातूनही उतरतो.

हे मी इतक्या आग्रहाने लिहीत आहे याला कारण आहे. लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी घर भरलेले असताना, घाईत दोन तवशांपैकी एकच चाखून मी दोन्ही किसली होती. धोंडस दिसायला देखणे झाले. पहिला घास घेऊन माझे थोरले दीर काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त पाण्याचा तांब्या पुढे ओढला. आणि सासूबाईंनी ते सगळे पातेले उचलून परसातल्या माडाच्या आळ्यात रिकामे केले. एका पातेल्यात साधारण एक किलो गर, पाव किलोहून अधिक गूळ, नारळ आणि मूठभर काजू जातात, तेव्हा फोड चाखण्याचा आळस परवडत नाही.

चव घेऊन झाली की तवसे सोलून उभे चिरावे आणि चमच्याने बियांसकट मधला गिळगिळीत भाग वेगळा काढावा. हा भाग टाकून देण्याची चूक करू नये. पिकलेल्या तवशाचा आंबूसपणा बहुतेक यातच असतो. तो गाळणीत घालून बोटांनी चोळला की अर्धी-पाऊण वाटी रस खाली उतरतो. तो रस किसात मिसळावा. गाळणीत उरलेल्या टपोऱ्या बिया धुऊन, राखेत घोळवून सावलीत वाळवल्या की पुढच्या मृगाची बेगमी होते. गर मध्यम भोकांच्या किसणीवर किसावा. बारीक किसणीवर त्याचा लगदा होतो आणि मोठ्या किसणीवर किसलेल्या गराचे दोरे धोंडसात दाताखाली वेगळे लागतात. किस पिळू नये आणि त्याला मीठ लावून सुटलेले पाणी काढून टाकू नये. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते, आणि आपल्याला तेच हवे आहे.

रवा आणि बाकीचे सामान

प्रमाणासाठी मी २०० मिलिलिटरची वाटी धरली आहे. रसासकट किस चार वाट्या, म्हणजे वजनाने सुमारे ८०० ग्रॅम, असेल तर तांदळाचा रवा दोन वाट्या, चिरलेला गूळ दीड वाटी, खवलेले ओले खोबरे एक वाटी, साजूक तूप पाव ते पाऊण वाटीच्या दरम्यान आपल्या हाताला पटेल तेवढे, काजूच्या पाकळ्या अर्धी वाटी, मीठ पाऊण चमचा, सहा-सात वेलच्यांची पूड आणि पाव जायफळ किसून, एवढे सामान लागते. यात सात-आठ इंच व्यासाच्या पातेल्यात दीड-दोन इंच जाडीचे धोंडस होते आणि दहा-बारा माणसांना पुरते. मीठ वगळू नये. त्यावाचून गुळाचा गोडवा सपाट लागतो. गूळ साधा, मऊसर घ्यावा. चिक्कीचा गूळ घेतला तर भाजताना कडा दगडासारख्या होतात. चांगले पिकलेले, आंबटसर तवसे असेल तर गूळ दोन चमचे वाढवावा आणि गाभा गोडसर असेल तर तेवढाच कमी करावा.

रव्याच्या बाबतीत बाजारातल्या तयार पाकिटांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. इडलीचा म्हणून मिळणारा रवा उकड्या तांदळाचा असतो आणि त्याचे धोंडस जरा रबरासारखे होते. घरी रवा काढणे अवघड नाही. कोणताही जाडसर, न चिकटणारा, शक्यतो जुना तांदूळ घ्यावा, कारण जुना तांदूळ पाणी अधिक ओढतो आणि मोकळा शिजतो. तो दोन पाण्यांतून धुऊन, निथळून, पंचावर सावलीत तास-दीड तास पसरावा. हाताला ओल लागेनाशी झाली, पण दाणा दाताखाली अजून मऊ वाटतो, अशा वेळी तो दळला तर रवा एकसारखा पडतो. जाते असेल तर उत्तमच. मिक्सर असेल तर तो थांबवत थांबवत फिरवावा आणि मिळालेले पीठ चाळून काढावे. या पिठाची दुसऱ्या दिवशी सकाळी घावने होतात. पीठ रव्यात राहू दिले तर तेच आधी शिजून चिकट होते आणि रव्याच्या कणांभोवती लपेटून त्यांना पाणी मिळू देत नाही.

रवा आधी कोरडाच मंद आचेवर पाच मिनिटे आणि मग अर्ध्या तुपात आणखी आठ-दहा मिनिटे परतावा. तो तांबूस होण्याची वाट पाहू नये. कण फुगून हलके झाले, उलथन्याखाली वाळूसारखा सळसळ आवाज येऊ लागला आणि भाजलेल्या तांदळाचा वास ओटीपर्यंत गेला की तो ताटात काढून घ्यावा.

शिजवणे

जाड बुडाच्या पातेल्यात किस, रस, गूळ आणि मीठ एकत्र करून मध्यम आचेवर ठेवावे. गूळ विरघळला की मिश्रण एकदम पातळ होते, आणि नवखे हात येथेच घाबरून त्यात रवा वाढवतात. तसे करू नये. ते दहा मिनिटे उकळू द्यावे, म्हणजे किसाचा हिरवट-पांढरा रंग जाऊन तो पारदर्शक आणि मधाळ दिसू लागतो व कच्चा वास जातो. मग आच मंद करून एका हाताने रवा भुरभुरत दुसऱ्या हाताने ढवळत राहावे. रवा सगळा गेला की झाकण ठेवून पाच-सात मिनिटे वाफ द्यावी, आणि मधून एकदा बुडापासून ढवळावे.

या टप्प्यावर पाण्याचा अंदाज घ्यावा लागतो, आणि तो वाट्यांच्या मापावर सोडता येत नाही, कारण प्रत्येक तवशाचे पाणी वेगळे असते. श्रावणात काढलेले तवसे आणि दीड महिना वाशाला टांगलेले तवसे यांत तर पुष्कळच फरक पडतो. माझ्या सासूबाई मिश्रणाच्या मधोमध उलथने उभे करीत. ते क्षणभर उभे राहून मग सावकाश एका बाजूला कलंडले, तर मिश्रण बरोबर जमले. उलथने खुंटीसारखे उभेच राहिले तर मिश्रण घट्ट आहे. त्यात पाव-अर्धी वाटी नारळाचे दूध घालावे. उलथने टेकण्याआधीच आडवे झाले तर मिश्रण सैल आहे. त्यात कोरडा रवा न घालता झाकण काढून दोन-चार मिनिटे अधिक आटवावे. मागाहून घातलेला रवा कधीही नीट शिजत नाही आणि धोंडसात कचकचीत लागतो.

आच बंद करून त्यात खोबरे, काजू, वेलची, जायफळ आणि उरलेल्या तुपातले दोन चमचे सोडून बाकीचे तूप मिसळावे व अर्धा तास झाकून ठेवावे. या अर्ध्या तासात रवा उरलेले पाणी पिऊन घेतो आणि भाजताना भेगा पडत नाहीत. काही घरांत हल्ली यात खाण्याचा सोडा किंवा बेकिंग पावडर घालतात. मला त्याची गरज वाटत नाही. तांदळात गव्हासारखे ग्लुटेन नसते, त्यामुळे आत तयार होणारा वायू धरून ठेवणारे जाळे बनत नाही. सोड्याने रंग काळवंडतो आणि धोंडस फुगण्याऐवजी भुसभुशीत होते. धोंडस दाटच असावे.

भाजणे

पातेले पितळी किंवा तांब्याचे असेल तर त्याची कल्हई शाबूत आहे ना हे आधी पाहावे, कारण कल्हई नसेल तर तवशाच्या आंबूसपणाने तांब्या-पितळेचा अंश धोंडसात उतरतो. बाजूने राखून ठेवलेले तूप पातेल्याला लावून तळाशी आणि कडेने हळदीची पाने पसरावीत. ती पावसाळ्यात परसात मिळतातच. दिवाळीनंतर ती वाळू लागली की केळीचे पान चुलीवर किंचित शेकून घालावे, मात्र त्याला हळदीच्या पानाचा वास नसतो. त्यावर मिश्रण ओतून ओल्या हाताने पृष्ठभाग सारखा करावा.

चुलीवर भाजायचे तर निखारे आधी तयार हवेत. सोडणांचा, म्हणजे नारळाच्या वाळलेल्या सालींचा, विस्तव धिमा आणि बराच वेळ टिकणारा असतो, म्हणून तो खाली घालावा. करवंट्यांचे निखारे कडक आणि झगझगीत असतात, म्हणून ते वर घालावेत. जाळ अजिबात नको. चुलीतली लाकडे ओढून घेऊन, निखारे पसरून त्यांवर राखेचा पातळ थर द्यावा आणि मगच पातेले ठेवावे. वर काठ असलेले लोखंडी किंवा पितळी जड झाकण ठेवून त्यात निखारे भरावेत. खाली एक वाटा विस्तव असेल तर वर दोन वाटे असावा. खालच्या बाजूला गुळाचे मिश्रण थेट तापल्या धातूला टेकलेले असते, उलट वरच्या झाकणात आणि मिश्रणात हवेचे अंतर असते, आणि ते ओलांडून धग पोहोचायची तर वरचे निखारे भरपूरच लागतात. हे प्रमाण उलटे झाले की तळ करपतो आणि वरून धोंडस पांढरे व ओले राहते. पंधरा-वीस मिनिटांनी वरच्या निखाऱ्यांवर राख धरते. ती फुंकून उडवावी आणि गरज वाटल्यास ताजे निखारे घालावेत. झाकण सारखे सारखे उघडून पाहू नये. चाळीस ते पन्नास मिनिटांत खरपूस गुळाचा वास येऊ लागतो, आणि मग झाकण सांडशीने सरळ वर उचलून, राख आत पडणार नाही अशा बेताने बाजूला करून पाहावे. कडा पातेल्यापासून सुटलेल्या असाव्यात, वरचा रंग भिजलेल्या जांभ्यासारखा तांबूस असावा आणि मधोमध खुपसलेली सुरी ओल्या मिश्रणाशिवाय बाहेर यावी. सुरीला थोडे तूप लागलेले चालते.

चूल नसेल तर साधी विजेची भट्टी उत्तम काम देते. ती १८० अंश सेल्सिअसला दहा मिनिटे तापवून, खालीवर दोन्ही सळया चालू ठेवून धोंडस पन्नास ते साठ मिनिटे भाजावे आणि शेवटची दहा मिनिटे फक्त वरची सळई ठेवावी. कुकरमध्ये करायचे असेल तर तळाशी इंचभर जाड मीठ किंवा कोरडी वाळू पसरून, शिट्टी आणि रबर काढून, आत तिवईवर भांडे ठेवून मंद आचेवर तासभर भाजावे. कुकरच्या धोंडसाला वरून रंग येत नाही. ते पूर्ण गार झाल्यावर तूप लावलेल्या तापल्या तव्यावर उपडे करून पाच मिनिटे शेकले की ही उणीव बरीचशी भरून निघते.

काढणे, वाढणे आणि ठेवणे

गरम धोंडस कापू नये, हे मुलांना पटवणे हे या कृतीतले सर्वांत अवघड काम आहे. तांदळातला स्टार्च गरम असताना मऊ, वाहता असतो आणि गार होतानाच तो घट्ट बसतो. घाईने सुरी घातली तर वडीऐवजी शिरा हाती लागतो. निदान चार तास, आणि शक्य असेल तर रात्रभर, पातेले झाकून तसेच राहू द्यावे. आमच्याकडे धोंडस संध्याकाळी भाजून दुसऱ्या दिवशी न्याहारीला कापतात, आणि तोवर जायफळ व हळदीच्या पानाचा वास आतपर्यंत मुरलेला असतो. कडेने सुरी फिरवून पातेले ताटात उपडे करावे आणि पाने अलगद सोलून काढावीत. पानांच्या फटींतून तळाला लागलेली खरवड वेगळी खरवडून वाटीत ठेवावी. ती कोणाला मिळावी यावरून आमच्या घरात तीन पिढ्या भांडणे झालेली आहेत.

वडीवर साजूक तूप, किंवा बाजूला वाटीभर नारळाचे दाट दूध, एवढेच पुरे. गाईचे दूध घ्यायचे असेल तर ते गार घ्यावे, कारण गरम दूध गुळाच्या पदार्थावर ओतले की कधी कधी फाटते. पावसाळी दमट हवेत धोंडस बाहेर दीड-दोन दिवसच टिकते, त्यातही ओले खोबरे आधी खवट होऊ लागते. फ्रिजमध्ये ते चार-पाच दिवस राहते खरे, पण तेथे तांदळाचा पदार्थ कडक होतोच. अशी वडी तशीच खाऊ नये. चाळणीवर ठेवून पाच मिनिटे वाफवावी, किंवा तव्यावर चमचाभर तूप सोडून तिच्या दोन्ही बाजू मंद आचेवर शेकाव्यात, म्हणजे आतला मऊपणा परत येतो आणि कडा पुन्हा कुरकुरीत होतात.